डार्कथ्रोन ऐकायला बसताना: चार अल्बम आणि एक वजाबाकी

ब्लॅक मेटल, म्हणजे मेटल संगीतातला एक कर्कश, काळोखा प्रकार, ऐकणाऱ्या दोघांना एका टेबलावर बसवा आणि हळूच विचारा, ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ भारी की ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’? चहा गार होईपर्यंत तुम्हाला पुढे काही बोलावं लागत नाही. पंचाईत होते ती शेजारी बसलेल्या नवख्याची. त्याने दोन्ही अल्बम कालच ऐकलेले असतात आणि त्याला दोन्ही सारखेच वाटलेले असतात. गिटारची अखंड घरघर, मागे कुणीतरी पत्र्यावर धावतंय, आणि एक माणूस घसा खरवडतोय. यात तुलना कसली करायची?

हा लेख त्या नवख्यासाठी आहे. बँड एकच घेऊ, नॉर्वेचा डार्कथ्रोन. अल्बम चार, 1992 ते 1995 मधले. आणि ते ऐकण्याआधी एक पाचवा, वेगळ्याच कारणासाठी.

आधी माझी फजिती सांगतो. कॉलेजच्या होस्टेलवर एका मित्राने ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या एमपीथ्री दिल्या होत्या. दोन गाणी ऐकली आणि मी त्याला म्हणालो, “अरे, फाइल बिघडलीय, परत कॉपी करून दे.” त्याने मुकाट्याने परत दिली. तीही बिघडलेली! तिसऱ्यांदा मागितली तेव्हा तो इतका हसला की शेजारच्या खोलीतली पोरं बघायला आली. फाइल ठणठणीत होती. अल्बमच तसा आहे.

पायरी पहिली: कान आणि यंत्र तयार करा

आपल्याकडे मिळणारे बरेचसे ब्लूटूथ इअरफोन बास फुगवून देतात. ढोल-ताशाला, सिनेमाच्या गाण्यांना ते छान. इथे मात्र मातेरं होतं. या अल्बमांमध्ये मुळात बास फारसा वर ठेवलेलाच नाही. सगळा जीव गिटारच्या वरच्या, चरचरीत पट्टीत आहे. बास वाढवला की खालची ढबढब पुढे येते आणि ज्या गिटारसाठी ऐकायला बसलो तीच झाकली जाते. म्हणून फोनमधलं इक्वलायझर बंद करा. साधे, वायरवाले इअरफोन असतील तर उत्तम.

आवाज मध्यम ठेवा. मोठ्याने ऐकायचं संगीत आहे हा गैरसमज आहे. मध्यम आवाजात गिटारचा पडदा नीट उलगडतो, शिवाय स्वयंपाकघरातून “मिक्सर कुणी चालू ठेवलाय?” अशी हाकही येत नाही. आली तर रागावू नका, उपमा चुकीची नाही.

प्रत्येक अल्बम साधारण चाळीस मिनिटांचा आहे. एका दिवशी एकच ऐका. चारही सलग लावलेत तर शेवटी डोकं बधिर होईल आणि तुलना राहील बाजूला.

पायरी दुसरी: तीन गोष्टी वेगळ्या काढायला शिका

पहिली गिटार. सतारीवर झाला वाजतो तेव्हा हात थांबत नाही, आठवा. इथे तसंच एकच तार वेगाने वर-खाली छेडत राहतात, त्याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. स्वर लांब ओढल्यासारखा ऐकू येतो, पण त्याच्या आत बारीक थरथर असते. सूर बदलतात सावकाश, हात चालतो भरभर. नवख्याचा गोंधळ नेमका इथे होतो. तो हाताचा वेग ऐकतो, त्यामुळे संगीत धावतंय असं त्याला वाटतं. सुरांची चाल ऐका, मग कळतं की पुष्कळदा ते जवळजवळ उभं आहे.

दुसरे ड्रम. पायाने वाजणारा ड्रम, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि झांज यांचा एकसारखा मारा म्हणजे ब्लास्ट बीट. तो कुठे सुरू होतो, कुठे सुटतो, आणि सुटल्यावर काय येतं एवढंच टिपा.

तिसरा आवाज. शब्द कळत नाहीत म्हणून हिरमुसू नका. नॉर्वेजियन माणसालाही पहिल्या फटक्यात कळत नाहीत. त्या आवाजाला वाद्य समजा.

एक सोपा सराव. गाणं लावा, डोळे मिटा, आणि गिटारची रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, बदलली की टेबलावर टिचकी मारा. शेवटी टिचक्या मोजा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी तिसरी: आधी ‘सोलसाइड जर्नी’, पण थोडाच

डार्कथ्रोनची सुरुवात ब्लॅक मेटलने झाली नाही. ऑस्लोच्या दक्षिणेला कोल्बोत्न नावाचं उपनगर आहे. घनदाट अरण्य वगैरे मनात आणू नका, लोकलने ऑस्लोला ये-जा करणाऱ्यांची वस्ती. तिथल्या पोरांनी 1986 मध्ये बँड काढला, तो हळूहळू डेथ मेटलकडे, म्हणजे जड ध्वनीच्या आणि खोल गुरगुरत्या आवाजाच्या मेटलकडे, वळला आणि त्यांना इंग्लंडच्या पीसव्हिल कंपनीने करारबद्ध केलं. पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ 1991 च्या जानेवारीत आला. ध्वनिमुद्रण स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, तोमास स्कोग्सबेर्गकडे. त्या काळी स्वीडिश डेथ मेटलचं ते माहेरघर होतं.

त्यातलं पहिलं गाणं ‘क्रोमलेक’ ऐका, आणखी एखादं ऐका आणि थांबा. टिचक्या मारताना बोटं दुखतील. रिफ सतत बदलतात, ड्रमर फेनरिझ कौशल्य दाखवायची एक संधी सोडत नाही, आवाज खोल आणि जाड, ध्वनी भरीव. मुलं विशीच्या आतबाहेरची होती आणि हात तयार होता.

हा अल्बम आधी ऐकायला सांगण्याचं कारण एवढंच: यांना वाजवता येत होतं. पुढच्या चार अल्बमांत जे ओबडधोबड ऐकू येईल ते अज्ञानातून आलेलं नाही. हातातलं एकेक खाली ठेवत ही मंडळी गेली. म्हणून या अल्बमांची तुलना करताना ‘यात काय आहे’ यापेक्षा ‘यातून काय काढलं’ हे विचारलं की सगळं सुटसुटीत होतं. माझा तरी अनुभव असाच आहे.

पायरी चौथी: ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ (1992)

पीसव्हिलने डेथ मेटल बँड घेतला होता. हातात आली ही टेप. गिटार पातळ, चरचरीत, ध्वनी थंडगार, तोंडाला पांढरा-काळा रंग फासलेली पोरं. कंपनी हबकली, ध्वनी नीट करून मागू लागली. बँडने सांगितलं, जसा आहे तसा काढा, नाहीतर आम्ही तो युरोनिमसच्या डेथलाइक सायलेन्स कंपनीकडे देतो. मेहेम या बँडचा गिटारवादक युरोनिमस हा त्या वेळी नॉर्वेतल्या या साऱ्या गोतावळ्याचा म्होरक्या. कंपनी नमली. बासवादक दाग निल्सेनला ही नवी वाट पटली नव्हती; त्याने बँड सोडला, पण या अल्बमवरचा बास वाजवून दिला. मुखपृष्ठावर दिसतो तो दुसरा गिटारवादक झेफिरस.

गाणी सहाच आहेत. पहिलं ‘कॅथेरियन लाइफ कोड’ साडेदहा मिनिटांचं. सुरुवातीला ड्रमचे ठोके आणि पुटपुटल्यासारखे आवाज, मग एकदम दार फुटल्यासारखं सगळं आत येतं. पण लक्ष देऊन ऐकलंत तर मधूनमधून ओळखीची जड, खालच्या पट्टीतली रिफ डोकावेल. ‘पॅरगॉन बिलियल’मध्ये तर ती स्पष्टच दिसते. हा उरलेला डेथ मेटल. नव्या घरात राहायला आले, पण जुन्या घरातली दोन-चार कपाटं सोबत आणली, असा प्रकार. काही चाहत्यांना हा डाग वाटतो. मला नाही वाटत. त्या कपाटांमुळेच अल्बममध्ये चढउतार आहेत.

‘इन द शॅडो ऑफ द हॉर्न्स’ नवख्याला सगळ्यात लवकर पकडतं, कारण ते बराच वेळ धावतच नाही. मध्यम लयीत ठाम पावलं टाकत येतं. स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्ट बँडचा ठसा इथे उघड आहे, आणि तो लपवायचा प्रयत्नही नाही. मान आपोआप डोलली तर लाजू नका.

वहीत लिहा: कौशल्याचं प्रदर्शन गेलं, जाड ध्वनी गेला, खोल आवाज गेला. रिफची विविधता राहिली.

पायरी पाचवी: ‘अंडर अ फ्युनरल मून’ (1993)

कोल्बोत्नचाच क्रिएटिव्ह स्टुडिओ, तेच तिघे (फेनरिझ, झेफिरस आणि गाणारा नॉक्टर्नो कुल्टो), वर्षभराचंही अंतर नाही. तरीही ‘ब्लेझ’नंतर लगेच हा लावला तर स्पीकर खराब झाला की काय असं वाटतं. गिटार आता अक्षरशः करवत. डेथ मेटलची कपाटं फेकून दिलेली. झेफिरसचा हा या बँडसोबतचा शेवटचा अल्बम.

चारही अल्बमांत नवख्याला हा सगळ्यात कमी आवडतो आणि मुरलेल्या चाहत्यांपैकी एक गट याचीच शपथ घेतो. त्यांचं म्हणणं साधं आहे: ‘ब्लेझ’ अर्धामुर्धा, हा पहिला निर्भेळ. म्हणणं पटण्यासारखं आहे. निर्भेळ म्हणजे रुचकर असं मात्र नाही. कडू काढ्यासारखा हा अल्बम मला आवडायला बरीच वर्षं लागली, आणि आजही मी तो पूर्ण ऐकतो तेव्हा थोडा दमतो.

दार कुठून उघडावं? ‘टु वॉक द इन्फर्नल फील्ड्स’पासून. ते संथ आहे, आणि त्या करवतीतून एक दुःखी सूर किती दूरवर ऐकू येतो ते तिथे कळतं. मग ‘नताशा इन इटर्नल स्लीप’. एका गाण्याचे शब्द नॉर्वेजियनमध्ये आहेत, ‘इन इ दे दिपे स्कोगेर्स फाव्न’, म्हणजे ‘खोल अरण्यांच्या कुशीत’. पुढच्या अल्बमवर ही भाषा आणखी पसरते.

वजाबाकी: उबदारपणाचा शेवटचा थेंब.

पायरी सहावी: ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ (1994)

इथे थांबायचं. घाई नको.

स्टुडिओ गेला. हा अल्बम नेक्रोहेल नावाच्या त्यांच्या स्वतःच्या व्यवस्थेत मुद्रित झाला. नाव भयंकर असलं तरी वस्तू म्हणजे चार ट्रॅकचा रेकॉर्डर. ड्रम, गिटार, बास आणि आवाज, सगळं एवढ्याशा जागेत बसवायचं. माणसंही कमी झाली. सगळी वाद्यं फेनरिझने एकट्याने वाजवली, आवाज नॉक्टर्नो कुल्टोचा. मुखपृष्ठावर मेणबत्त्यांचं झाड हातात घेतलेला फेनरिझ, फोटो असा की झेरॉक्सची झेरॉक्स वाटावी.

शीर्षकगीत लावा आणि टिचक्या मारा. सहा मिनिटांच्या गाण्यात हात जवळजवळ मांडीवरच राहील. मोजक्या सुरांची एक चाल येते, फिरते, पुन्हा येते. ‘सोलसाइड जर्नी’चा आकडा शेजारी ठेवून बघा. ज्या ड्रमरला तिथे एका जागी बसवत नव्हतं, तो इथे एकच ठेका धरून बसलाय.

अशा वेळी नवखा म्हणतो, कंटाळवाणं आहे. एक उपाय करून पाहा. मैफलीत तंबोरा लागलेला असतो, तो आपण ‘ऐकत’ नाही, त्याच्यात बसतो. इथली गिटार तशी ऐका. पहिल्या मिनिटाला ती पुनरावृत्ती वाटते. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास कान वाट पाहणं सोडतो, आणि मग तेच सूर किंचित बदलले तरी खोलीत कुणी आल्यासारखं जाणवतं. हे प्रत्येकाला होतंच असं नाही. दोनदा प्रयत्न करून नाही झालं तर सोडून द्या. संगीत आहे, पथ्यपाणी नव्हे.

दुसरी गंमत म्हणजे चाल. करवत बाजूला सारून गुणगुणून पाहा. ‘स्लोत्ते इ दे फ्येर्ने’, म्हणजे ‘दूरवरचा किल्ला’, यातली चाल पेटीवर संथ वाजवली तर कुणाला मेटल वाटणारही नाही. चारही अल्बमांत सुरेलपणा सर्वाधिक इथेच आहे, आणि तोच सगळ्यात खराब यंत्रावर उतरवलाय. ‘ध्वनी वाईट आहे’ असं म्हणणारा माणूस यात हरतो, कारण तो स्वच्छ केला तर उरते एक गोड चाल आणि गूढ पळून जातं. मला वाटतं, हा अल्बम इतका टिकला तो यामुळेच.

वजाबाकी: स्टुडिओ, सहकारी, लयीतले बदल. उरली चाल आणि धुकं.

पायरी सातवी: याच अल्बमची काळी बाजू डोळे उघडे ठेवून वाचा

चाहते तुलना करताना हा विषय टाळतात. नवख्याने टाळू नये.

‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या आठपैकी शेवटच्या चार गाण्यांचे शब्द बुर्झुम हा एकट्याचा बँड चालवणाऱ्या वार्ग विकेर्नेसचे आहेत. ऑगस्ट 1993 मध्ये त्याने युरोनिमसचा खून केला, आणि 1994 मध्ये खुनासाठी व चर्च जाळल्याबद्दल त्याला 21 वर्षांची शिक्षा झाली. अल्बमच्या मूळ आवृत्तीच्या मागच्या बाजूला ‘नॉर्स्क आरिस्क ब्लॅक मेटल’, म्हणजे ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ असं छापलेलं होतं. सोबत बँडने प्रसिद्धीसाठी जो मजकूर दिला त्यात अल्बमवर टीका करणाऱ्याची वागणूक ‘ज्यूसारखी’ ठरवली होती. पीसव्हिलने अल्बम काढला, पण जाहिरात करायला नकार दिला आणि तो मजकूर जाहीर केला. मग बँडने माफी मागितली, आपण नाझी नसल्याचं सांगितलं, नॉर्वेतल्या पोरांच्या बोलीत तो शब्द शिवीसारखा वापरतात असा खुलासा केला. पुढच्या आवृत्त्यांतून ती ओळ गेली.

खुलासा मला लंगडा वाटतो. शब्द शिवी म्हणून रुळला, एवढ्याने काही तो निर्दोष ठरत नाही. हे सगळं माहीत असूनही मी अल्बम ऐकतो. तुम्ही ऐकायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण माहीत नसताना ऐकू नका, आणि कुणी ‘त्यात काय एवढं’ म्हणालं तर मान डोलावू नका.

पायरी आठवी: ‘पांझरफाउस्ट’ (1995)

कंपनी बदलली. हा सॅटिरिकॉन बँडच्या सॅटिरच्या मूनफॉग कंपनीकडून आला. वाद्यं पुन्हा सगळी फेनरिझची, आवाज कुल्टोचा, पण यावेळी आवाज इतका पुढे आणून ठेवलाय की तो कानात उभा राहून ओरडतो. पहिल्या ऐकण्यात त्रास होतो. तिसऱ्या ऐकण्यात तीच मजा वाटते.

‘एन विंद आव सोर्ग’ ऐकलं की वाटतं ‘ट्रान्सिल्व्हेनियन’चंच उरलेलं आहे. पण नंतर ‘द होर्ड्स ऑफ नेब्युला’ येतं, संथ, जड, सेल्टिक फ्रॉस्टच्या अंगणातलं. वजाबाकी थांबली आणि जुन्या आवडींची बेरीज सुरू झाली. शब्द विकेर्नेसचे पुन्हा एका गाण्याला आहेत, ‘क्विंटेसन्स’ला. आणि शेवटचं ‘स्नो ओग ग्रानस्कोग’, बर्फ आणि स्प्रूसचं जंगल, हे मुळात तार्येई वेसोस या नॉर्वेच्या मोठ्या साहित्यिकाची कविता आहे, गाण्याऐवजी म्हटलेली. नॉर्वेत शाळेच्या पुस्तकात भेटणारा हा लेखक. आपल्याकडे एखाद्या मेटल बँडने अल्बमच्या शेवटी बालकवी वाचावेत तसं. मला तो क्षण फार आवडतो. तोंडाला रंग फासलेल्या पोरांच्या मागे एक शाळा होती हे तिथे दिसतं.

चाहत्यांच्या यादीत हा बहुधा चौथा येतो. ‘पहिले तीन’ असं त्रिकूट आधीच ठरून गेलंय आणि याला पंगतीत उशिरा आल्याची शिक्षा मिळते.

पायरी नववी: आता तुलना, पण अशी

आठवडाभराने एक दिवस काढा. प्रत्येक अल्बममधून एकच गाणं घ्या. माझी निवड: ‘इन द शॅडो ऑफ द हॉर्न्स’, ‘टु वॉक द इन्फर्नल फील्ड्स’, ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’, ‘द होर्ड्स ऑफ नेब्युला’. तीन संथ किंवा मध्यम आणि एक धावतं, हे मुद्दाम. फक्त धावती गाणी घेतलीत तर फरक पुन्हा धूसर होतो. चारही एकाच आवाजपातळीवर लावा. नव्याने मास्टर केलेल्या आवृत्त्या अनेकदा जास्त मोठ्याने वाजतात आणि मोठं वाजलेलं कानाला उगाच चांगलं वाटतं, तेव्हा एक जुनी आणि एक नवी आवृत्ती समोरासमोर ठेवू नका.

मग ‘कुठला भारी’ हा प्रश्न बाजूला ठेवून वहीतल्या वजाबाक्या बघा. कुठली वजाबाकी तुम्हाला चालली आणि कुठली खटकली? रिफची विविधता हवी असणारा ‘ब्लेझ’कडे जातो. भेसळ अजिबात न चालणारा ‘फ्युनरल मून’कडे. चाल आणि गुंगी हवी असणारा ‘ट्रान्सिल्व्हेनियन’कडे. जड पावलं आणि थोडा वेडेपणा हवा असणारा ‘पांझरफाउस्ट’कडे. चाहत्यांच्या भांडणात बहुतेकदा अल्बमची चर्चा नसतेच. कोणाला कशाशिवाय चालत नाही याची असते.

आणि अशा बैठकीत दोन गोष्टी टाळा. ‘प्रॉडक्शन चांगलं असतं तर…’ हे वाक्य सुरू करू नका. आणि 2006 च्या ‘द कल्ट इज अलाइव्ह’पासून ते पंककडे, मग जुन्या हेवी मेटलकडे वळले हे माहीत नसताना ‘नंतर त्यांनी काही केलंच नाही’ असं ठोकून देऊ नका. ते अजून अल्बम काढतात. ‘ब्लेझ’ तर नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रदर्शनात जाऊन बसलाय.

फेनरिझचं म्हणाल तर, स्थानिक निवडणुकीत पक्षाला यादीत नाव हवं होतं म्हणून हा तयार झाला, मांजरीसोबतचा फोटो लावून ‘मला मत देऊ नका’ म्हणाला, आणि कोल्बोत्नच्या लोकांनी त्याला राखीव सदस्य म्हणून निवडून दिलं.